परराष्ट्रीयांनी नियमशास्त्र पाळावे काय? अभ्यासवर्गात हा प्रश्न कसा हाताळावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी उपासना चालणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत जो कोणी बायबल अभ्यासवर्ग घेतो, त्याच्यापुढे काही प्रश्न हमखास येतात. गावच्या लक्ष्मी यात्रेला पाहुण्यांकडे जेवायला गेल्यावर ताटातले मटण खावे की नाही, रक्ती खाणे चालते काय, बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात डुक्कर निषिद्ध आहे तर आपण ते कसे खातो, आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, शनिवारी असताना आपण रविवारी का जमतो, असे हे प्रश्न असतात. अलीकडे मोबाइलवर ऐकलेल्या प्रवचनांमुळे त्यांत ‘यहुदी सण पाळावेत काय’ याचीही भर पडली आहे. हे सगळे एकाच जुन्या वादातून फुटलेले फाटे आहेत : परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय? इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत त्या वादावर बैठक झाली, आणि तरीही तो तिथे संपला नाही. हा वाद वर्गात नीट कसा उलगडून दाखवावा, याविषयीचे हे टिपण वर्ग चालवणाऱ्यांसाठी आहे. एका बैठकीत हे होण्यासारखे नाही. तीन किंवा चार संध्याकाळी राखून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वाचनाच्या क्रमाची. बहुतेक जण प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय उघडून सुरुवात करतात, कारण तिथे सभा, भाषणे, निर्णय आणि पत्र असे सारे व्यवस्थित मांडलेले आहे. माझ्या मते सुरुवात गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायापासून करावी. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्या घटनेतला माणूस आहे आणि तो थोड्याच वर्षांनी, चिडलेल्या अवस्थेत, स्वतःची बाजू मांडत लिहितो आहे; उलट कृत्यांचा ग्रंथ काही दशकांनंतरचा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मंडळीची वाटचाल एका सूत्रात गुंफून दाखवणे हा त्याचा हेतू आहे. आधी पौलाचा तापलेला स्वर कानावर पडू द्यावा आणि मग कृत्यांचा लेखक लूक याचे निवांत कथन वाचावे. क्रम उलटा केला तर वर्ग लूकच्या चौकटीत पौलाला बसवू लागतो आणि पौलाचे निम्मे म्हणणे त्याला ऐकूच येत नाही.

दोन्ही उतारे मोठ्याने, सलग वाचून घ्यावेत. आपल्याकडे एकाच घरात आजी मराठी बायबल वाचते आणि नातू कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातला असतो. त्याला अडखळत मराठी वाचायला लावण्यापेक्षा त्याच्या हातातल्या बायबलमधून वाचू द्यावे आणि वर्गात सतत अध्याय व वचन यांचे आकडे सांगत राहावे, म्हणजे कोणी मागे पडत नाही.

वाचन झाल्यावर फळ्यावर दोन रकाने करावेत. गलतीकरांस पत्राच्या रकान्यात असे येईल : पौल प्रकटीकरण झाल्यावरून यरुशलेमेस गेला, सोबत बर्णबा आणि हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, तीत होता, तीताला सुंता करून घेण्याची सक्ती झाली नाही, प्रमुखांशी खासगीत बोलणे झाले, याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान या यरुशलेमेतल्या प्रमुखांनी सहभागितेचा उजवा हात दिला, आणि अट एवढीच घातली की गरिबांची आठवण ठेवावी. कृत्यांच्या रकान्यात : अंत्युखियातल्या मंडळीने त्यांना पाठवले, उघड वादविवाद झाला, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल यांनी घडलेले सांगितले, याकोबाने निकाल दिला, आणि यहूदा बर्सब्बा व सीला यांच्या हाती पत्र गेले, ज्यात मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म वर्ज्य करण्यास सांगितले होते. आता वर्गाला विचारावे की पौलाच्या रकान्यात ही चार वर्ज्ये कुठे आहेत. ती नाहीत, प्रमुखांनी आपल्यावर अधिक काही लादले नाही, असेच तो म्हणतो. काही अभ्यासक म्हणतात की गलती २ मधली भेट म्हणजे कृत्ये ११ मधली दुष्काळाच्या मदतीची भेट होय, तर काही ती पंधराव्या अध्यायातलीच मानतात. वर्ग घेणाऱ्याने इथे न्यायाधीश होऊ नये. दोन्ही रकाने शेवटच्या संध्याकाळपर्यंत फळ्यावर तसेच राहू द्यावेत.

त्यानंतर सुंतेविषयी थोडे बोलणे भाग आहे, आणि ते संकोच न करता बोलावे. आपल्या भागात हा शब्द ऐकताच लोकांच्या डोळ्यांपुढे मुसलमान शेजारी येतात. यहुद्यांच्या बाबतीत ती आठव्या दिवशी होते आणि ती अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण आहे, हे उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायातून दाखवावे. मराठी माणसाला यासाठी फार दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही : कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता आणि शब्बाथ त्यांनी सोडले नाहीत. नियमशास्त्र पाळणारा समाज म्हणजे बायबलच्या पानांवरचा कोणी कठोर, दांभिक परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस), अशी जी समजूत आपल्या प्रवचनांतून नकळत पसरते, ती इथेच थांबवावी.

परराष्ट्रीय म्हणजे नेमके कोण, हेही स्पष्ट करावे. भूमध्य समुद्राभोवतीच्या शहरांत सभास्थानांच्या आसपास असे पुष्कळ लोक होते की जे इस्राएलाच्या देवाची उपासना करीत, दानधर्म करीत, शब्बाथाला वाचन ऐकायला येत, पण पूर्णपणे यहुदी झालेले नव्हते. कैसरीयातला शताधिपती कर्नेल्य हा असाच एक. पुरुषाला पूर्ण प्रवेश हवा असेल तर सुंता हा उंबरठा होता, आणि तो सर्वांनीच ओलांडावा काय, याविषयी यहुदी शिक्षकांतही एकमत नव्हते.

योसेफस या यहुदी इतिहासकाराने सांगितलेली इजातेस राजाची हकिकत वर्गात अवश्य सांगावी, कारण तिच्याइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही. उत्तर मेसोपोटेमियातल्या अदियाबेनी नावाच्या राज्याचा हा राजपुत्र, पुढे राजा, पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात हनन्या नावाच्या एका यहुदी व्यापाऱ्याच्या शिकवणुकीने इस्राएलाच्या देवाकडे वळला. त्याची आई हेलेना हीही वेगळ्या वाटेने तिकडेच वळली होती. इजातेसला सुंता करून घ्यायची होती. हनन्याने त्याला थांबवले : प्रजा बिथरेल, आणि सुंता न करताही देवाची भक्ती करता येते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे गालीलातून एलाजार नावाचा नियमशास्त्राचा कडवा जाणकार आला. राजा मोशेचे ग्रंथ वाचत बसलेला पाहून तो म्हणाला की नुसते वाचून भागत नाही, त्यात सांगितलेले करायला हवे. राजाने त्याच दिवशी वैद्याला बोलावले. या हकिकतीत ख्रिस्ती माणूस एकही नाही, आणि तरी अंत्युखियात पुढे झालेल्या भांडणाच्या दोन्ही बाजू तिच्यात उभ्या आहेत. ती ऐकल्यावर ‘यहुदी विरुद्ध ख्रिस्ती’ अशी मांडणी आपोआप ढिली पडते.

दुसऱ्या संध्याकाळी वर्गातल्या एखाद्या चांगल्या बोलणाऱ्याला परूशी पंथातून आलेल्या विश्वासणाऱ्यांची, म्हणजे परराष्ट्रीयांची सुंता व्हायलाच हवी असे म्हणणाऱ्यांची, बाजू मांडायला सांगावे, आणि ती ताकदीने मांडली जाईल याची काळजी स्वतः घ्यावी. त्याच्या हाती पुरेसा मजकूर आहे. उत्पत्ती १७ मध्ये हा करार सर्वकाळचा म्हटला आहे, आणि परक्यांकडून विकत घेतलेल्या दासालाही तो लागू आहे. सुंता न झालेला पुरुष लोकांतून छेदला जाईल, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. निर्गम १२:४८ प्रमाणे परक्याला वल्हांडणाचे (मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाचे) भोजन करायचे असेल तर आधी त्याच्या घरातल्या सर्व पुरुषांची सुंता व्हायला हवी. येशूची स्वतःची सुंता आठव्या दिवशी झाली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तोच म्हणतो की नियमशास्त्र रद्द करायला मी आलो नाही. एवढे ऐकल्यावर वर्गातला कोणी ना कोणी ‘मग चूक कोणाची?’ असे विचारतोच. हा प्रश्न यायलाच हवा. तो येत नसेल तर बाजू कच्ची मांडली गेली आहे असे समजावे आणि पुन्हा मांडावी.

आता पौलाचे उत्तर घ्यावे. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणण्यात आला, हे वचन उत्पत्ती १५:६ मध्ये आहे, आणि सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात. रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय या मागच्यापुढच्या क्रमावर उभा आहे. गलती ३:१७ मध्ये पौल आणखी पुढे जातो : नियमशास्त्र ४३० वर्षांनी आले, ते आधीचे वचन रद्द करू शकत नाही. हा युक्तिवाद वकिली थाटाचा आहे आणि प्रामाणिक वाचकाला तो पुरेसा वाटेलच असे नाही, कारण समोरचा लगेच म्हणेल की सतरावा अध्यायही त्याच अब्राहामाविषयी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे खरा भार दुसऱ्या मुद्द्यावर आहे, आणि तो पौल व पेत्र या दोघांच्या तोंडी येतो. कर्नेल्याच्या घरी पेत्र अजून बोलत असतानाच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला. कोणी सुंता केली नव्हती, कोणी अट पूर्ण केली नव्हती. गलती ३:२ मध्ये पौल त्याच अनुभवावर बोट ठेवून विचारतो की तुम्हाला आत्मा कशाने मिळाला. देवाने ज्याला आत घेतले आहे त्याला दारात थांबवण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे काय, असा हा पेच आहे. घडलेली घटना आधी आली आणि शास्त्रवचनांचा शोध मागाहून सुरू झाला. याकोबही आमोस संदेष्ट्याचे वचन देतो ते पेत्राने घडलेले सांगितल्यानंतर.

यानंतर तीन प्रश्न वेगळे करून फळ्यावर लिहावेत, कारण एरवी सगळी चर्चा त्यांच्या गुंत्यात अडकते. तारणासाठी सुंता लागते काय, हा पहिला. कृत्ये १५:१ मध्ये तोच विचारला आहे आणि सभेने त्याला नाही असे उत्तर दिले. सुंता झालेले आणि न झालेले एकत्र जेवू शकतात काय, हा दुसरा. आणि परराष्ट्रीय विश्वासणाऱ्याने रोजचे आचरण कसे ठेवावे, हा तिसरा. यहुदी विश्वासणाऱ्यांनी नियमशास्त्र सोडावे असे त्या सभेत कोणीही सुचवले नव्हते, हे इथे आवर्जून सांगावे. कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात तर पौल स्वतः नवस केलेल्या चौघांबरोबर शुद्धीकरण करून मंदिरात जातो. तीत आणि तीमथ्य या पौलाच्या दोन सहकाऱ्यांची जोडी याच ठिकाणी समजावून द्यावी : तीत हेल्लेणी, त्याची सुंता पौल होऊ देत नाही, तीमथ्याची आई यहुदी, त्याची सुंता पौल स्वतः करवतो. यात विसंगती आहे की सुसंगती, यावर वर्गाला वाद घालू द्यावा.

दुसऱ्या प्रश्नाची जागा अंत्युखिया. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे; याकोबाकडून काही माणसे आल्यावर तो मागे सरला, बाकीचे यहुदी त्याच्यामागे गेले, आणि बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला. आपल्या वाचकाला हे लगेच कळते, कारण चालू पंगतीतून कोणी उठून जाणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही, आणि आपल्या मंडळ्यांच्या जुन्या आठवणींत जातवार पंगती आहेतच. मात्र हे साम्य मर्यादेत ठेवावे. यहुदी माणूस परराष्ट्रीयाला जन्माने विटाळ मानून दूर ठेवत नव्हता. ताटात काय आहे, ते कोणत्या मूर्तीपुढून आले, त्यात रक्त आहे काय, ही त्याची चिंता होती, आणि परराष्ट्रीयाला आत येण्याची वाट त्याच्याकडे होती. ही मर्यादा सांगितली नाही तर याकोबाच्या माणसांवर अन्याय होतो. पेत्राने पौलाचे ऐकले की नाही, हे पौल सांगत नाही. जेरोम आणि ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती विद्वानांत यावरून पत्रांतून तीव्र वाद झाला होता : दोघा प्रेषितांनी मिळून ते भांडण दिखाऊ केले, असे जेरोमचे म्हणणे, आणि मग शास्त्रातल्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असा ऑगस्टीनचा प्रतिप्रश्न.

याच टप्प्यावर वर्गात कोणीतरी सीमाप्रश्नाचा दाखला देतो आणि अंत्युखिया व यरुशलेम यांना दोन राज्यांच्या जागी बसवू लागतो. तो तिथेच नम्रपणे थांबवावा. इथला वाद भाषेचा किंवा प्रदेशाचा नाही, आणि तो दाखला सुरू झाला की उरलेली संध्याकाळ त्यातच जाते.

तिसऱ्या संध्याकाळी चार वर्ज्ये घ्यावीत. चारच का, आणि हीच का? लेवीय १७ आणि १८ उघडून शेजारी ठेवावेत. इस्राएलात राहणाऱ्या उपऱ्यालाही लागू असलेले नियम तिथे आहेत : दुसरीकडे यज्ञ करू नये, रक्त खाऊ नये, शिकार केलेल्या प्राण्याचे रक्त ओतून टाकावे, आणि निषिद्ध लैंगिक संबंध ठेवू नयेत. पत्रातली यादी जवळपास याच क्रमाने जाते, आणि मोशेचे ग्रंथ दर शब्बाथाला नगरोनगरी वाचले जातात हे याकोबाचे वाक्य त्यामुळे अर्थपूर्ण होते. दुसरे काही अभ्यासक म्हणतात की चारही गोष्टी मूर्तींच्या देवळांतल्या मेजवान्यांशी जोडलेल्या आहेत. मला पहिला खुलासा अधिक पटतो, कारण त्याने एकत्र जेवणाचा प्रश्न सुटतो : यहुद्याला शेजारी बसता येईल एवढे परराष्ट्रीयाने सांभाळावे. कोडेक्स बेझे या प्राचीन हस्तलिखितात गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचा उल्लेख गाळला आहे आणि ‘जे स्वतःला होऊ नये असे वाटते ते दुसऱ्याला करू नये’ अशा अर्थाचे वाक्य घातले आहे. म्हणजे जेवणाचा नियम निव्वळ नीतिनियमाकडे झुकू लागला होता.

रक्ती खावी काय, असे विचारणाऱ्याला पुढचा इतिहास सांगावा आणि निवाडा त्याच्यावर सोडावा. कॉन्स्टँटिनोपलला ६९२ मध्ये भरलेल्या त्रुल्लो परिषदेने रक्त खाण्यास मनाई केली. पश्चिमेकडच्या मंडळीत हा नियम हळूहळू मागे पडला, आणि फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये म्हटले की यहुदी आणि परराष्ट्रीय यांना जोडण्यासाठी तो होता, ते कारण आता उरले नाही. इथिओपियातली प्राचीन मंडळी आजही सुंता करते आणि अन्नाचे पुष्कळ नियम पाळते, तेही ख्रिस्तावरचा विश्वास तसूभर न सोडता.

यात्रेच्या मटणाचा प्रश्न मात्र करिंथकरांस पहिल्या पत्रावर सोपवावा, कारण पौलाने तिथे तीन प्रसंग वेगळे केले आहेत आणि तिन्ही आपल्या गावांत जसेच्या तसे सापडतात. देवळातल्या मेजवानीत बसणे त्याला मान्य नाही. प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत, असे १०:२१ मध्ये तो म्हणतो. बाजारात विकले जाणारे मांस न विचारता घ्यावे, हे १०:२५. खाटकाच्या दुकानातले मटण हलाल आहे की झटका, याची चौकशी करणाऱ्यांनी हे वचन पाहावे. तिसरा प्रसंग पाहुणचाराचा : विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर वाढलेले खावे, पण हे देवाला अर्पिलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. लक्ष्मी यात्रेत घरोघर बकरी पडतात आणि पै-पाहुण्यांनी घरे भरतात. कोणते मांस देवीपुढून आले आणि कोणते केवळ पाहुण्यांसाठी, हे घरची बाई बहुधा स्वतःच सांगते, आणि ख्रिस्ती पाहुण्यासाठी वेगळे भांडे ठेवणारी घरेही असतात. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना याच खाण्यावरून कडक शब्द ऐकावे लागतात, आणि दिदाखे हे फार जुने मार्गदर्शक पुस्तक सांगते की अन्नाच्या बाबतीत झेपेल तेवढे पाळावे, पण मूर्तीला अर्पिलेल्यापासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. पौलाहून कडक मत असणारे ख्रिस्ती पहिल्यापासून होते, हे वर्गातल्या कडक मताच्या माणसालाही कळू द्यावे. त्याला एकटे पाडू नये.

ज्यांना अधिक वाचायचे आहे त्यांना एवढे सांगावे की ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ च्या ग्रंथापासून यहुदी धर्म म्हणजे कर्मांनी तारण कमावणे, ही जुनी समजूत अभ्यासकांत बरीच मागे पडली आहे, आणि जेम्स डन यांनी पौलाचा आक्षेप मुख्यतः सुंता, अन्न आणि शब्बाथ या वेगळेपणाच्या खुणांवर होता असे मांडले. ही मांडणी सर्वांनी स्वीकारलेली नाही. वर्गात ती मिरवू नये.

शब्बाथाचा आणि सणांचा प्रश्न घेऊन येणारा शेवटच्या संध्याकाळी हटकून येतो, बहुधा हातात मोबाइल घेऊन. त्याला रोम १४:५ आणि कलस्सै २:१६ वाचायला द्यावे. पहिल्यात एक जण एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो आणि दुसरा सर्व दिवस सारखे मानतो, आणि पौल दोघांनाही आपापल्या मनाची खात्री करून घेण्यास सांगतो. मग दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने यहुदी त्रुफोशी झालेल्या संवादात दिलेले उत्तर सांगावे : जो ख्रिस्तावर विश्वास ठेवून नियमशास्त्रही पाळतो त्याचे तारण होईल, आणि मी त्याच्याशी संगती ठेवीन, मात्र त्याने ते इतरांवर लादू नये; माझ्यासारखे न मानणारे ख्रिस्तीही आहेत, हेही जस्टिन तिथेच कबूल करतो. तो माणूस शनिवारी काम बंद ठेवू इच्छित असेल तर ठेवू द्यावे. शनिवारी काम करणाऱ्याचे तारण होणार नाही, असे तो वर्गात म्हणू लागला, तर फळ्यावरच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याकडे बोट करावे आणि कृत्ये १५:१ त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.